आधी वॉर्ड, मग बोर्ड

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की नोकरीत दिवसभर आकडेमोड आणि शनिवारी लहान मुलांच्या हॉस्पिटलमधे व्हॉलंटियर असं माझं बरीच वर्षं चाललंय, आणि मधली सहा वर्षं मी तिथल्या बोर्डावरही होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचं पान त्यालाच देऊन टाकलंय. गुंतवणुकीचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी जरा दम धरा, तुमचे फंड महिनाभरात कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : ताई, मी बावीस वर्षं फायनान्समधे आहे, सध्या एका कंपनीत फायनान्स हेड. दीड वर्ष झालं, एक आड एक शनिवारी मुलांच्या हॉस्पिटलमधे जातो, मुलांशी खेळतो, गोष्टी वाचून दाखवतो. मी काय काम करतो हे तिथे कोणाला सांगितलं नव्हतं पण कुठून तरी कळलंच, आणि आता ते म्हणतायत बोर्डावर या, फायनान्स कमिटी सांभाळा. बायको म्हणते घ्या, मला धाकधूक वाटतेय. बोर्डावर नेमकं करायचं काय असतं? आणि हो म्हटलं तर माझा शनिवार जाईल का? मला तोच तर आवडतो.

उत्तर : हो म्हणा. पण लगेच नको, आणि फोनवर तर नकोच.

आधी त्यांच्याकडून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागून घ्या, ऑडिटरने मॅनेजमेंटला त्रुटींचं वेगळं पत्र लिहिलं असेल तर तेही मागा (खरी गंमत त्याच पत्रात असते, तुम्हाला मी काय सांगू), वर्षभराच्या मिटिंगचे मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं, काय ठरलं त्याची नोंद, मागा आणि बोर्ड मेंबरवर उद्या कोणी केस टाकली तर त्यासाठी इन्शुरन्स काढलाय का ते सरळ विचारा. द्यायला कुरकुर झाली तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. मिनिट्स वाचताना मी एकच बघते, कोणी कधी प्रश्न विचारलाय का. पानंच्या पानं 'सर्वानुमते मंजूर' असेल तर तिथे तुम्हाला सहीसाठी बोलावतायत असं समजा.

काम काय तर हॉस्पिटल चालवणं हे बोर्डाचं काम नाही, ते चालवणारा माणूस नेमणं, त्याला प्रश्न विचारणं, बजेट मंजूर करणं, उपचाराची गुणवत्ता आणि सुरक्षितता यावर डोळा ठेवणं, आणि पैसा उद्याही राहील हे बघणं. तुमच्यासारख्या माणसाला यातलं शेवटचं सोपं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मुलांच्या हॉस्पिटलचा ताळेबंद कंपनीसारखा वाचायला गेलात की फसलात, कसे ते माझ्यावरूनच सांगते.

पहिल्याच वर्षी स्टॉकचा रिपोर्ट आला. मी नेहमीच्या सवयीने वर्षभर न हललेला माल वेगळा काढला, तर त्यात बीपी मोजायचे दंडाला गुंडाळतात ते पट्टे, अगदी छोट्या छोट्या साईजचे, बऱ्यापैकी निघाले. म्हटलं एवढ्या साईज कशाला, दोन-तीन ठेवा, बाकी मागवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी खूश. दोन-अडीच महिन्यांनी शनिवारी वॉर्डात गेले तर सिस्टर ड्रॉवर उपसत होत्या, सगळे पट्टे पलंगावर पसरलेले, शेवटी शेजारच्या वॉर्डातून एक मागून आणला त्यांनी. त्यांच्यासाठी मी म्हणजे पत्ते खेळायला येणाऱ्या ताई, त्यामुळे मोकळेपणाने म्हणाल्या, "वर कोणीतरी शहाणा बसलाय, त्याने साईज कमी केल्यात." मग समजावून सांगितलं, पट्टा दंडाच्या मापाचाच लागतो, लहान लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, मोठा लावला तर कमी दिसतं, आणि आमच्याकडे दिवस न भरता जन्मलेलं बाळही येतं आणि माझ्यापेक्षा वजनदार सोळा वर्षांचा मुलगाही येतो. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. पुढच्या मिटिंगला माझाच ठराव मीच फिरवून घेतला आणि मग त्यांना जाऊन सांगितलं की तो शहाणा मीच. त्यांनी काय केलं, पट्ट्यांचा नवा खोका माझ्यासमोर ठेवला आणि साईजप्रमाणे लावायला बसवलं.

मी तेव्हा काही नवखी नव्हते बरं का, दोन वर्षं वॉर्डात जात होते, पण प्लेरूमच्या पलीकडे काय चालतं ते बघितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते, जायच्या आधी सिस्टरना विचारून एकदा औषधांची खोली, एकदा स्टोअर, एकदा रात्रपाळी बघून घ्या. तिथे कळतं की सुया, नळ्या, मास्क, सगळं पाच-सहा मापांत लागतं. औषध किलोवर मोजून देतात आणि बाटली मात्र मोठ्या माणसाच्या हिशोबाने येते, मग आठ किलोच्या बाळाला त्यातलं थोडंसं जातं आणि फार्मसीने एकाच दिवशी त्या औषधाची मुलं एकत्र लावून घेतली नाहीत तर उरलेलं फेकावं लागतं. श्वसनाच्या व्हायरसचा सीझन आला की एका खाटेसाठी तीन मुलं थांबलेली आणि सीझन सरला की त्याच खाटा रिकाम्या, पण नर्सचे पगार बारा महिने. वर्षाची सरासरी काढून कोणी म्हणालं की ऑक्युपन्सी कमी आहे, खाटा कमी करूया, तर त्याला महिन्याप्रमाणे आकडे मागा, नाहीतर आठवड्याप्रमाणे.

आता याच्या उलटं एक, कारण माझ्या हातून सगळंच काही बिघडलं नाही. एमआरआयमधे लहान मूल अर्धा-पाऊण तास हलल्याशिवाय पडून राहत नाही, त्यात मशीनचा तो ठोकल्यासारखा आवाज, म्हणून छोट्यांना बऱ्याचदा भूल द्यावी लागते. भूल म्हटली की भूलतज्ज्ञ आला, मूल तासन्तास उपाशी, नंतर शुद्धीवर येईपर्यंत वेगळी खाट आणि शेजारी नर्स. आमच्याकडे प्ले थेरपीवाली एक मुलगी होती, तिने खोक्याचं खोटं मशीन करून घेतलं होतं, मुलांना आधी आवाज ऐकवायची, बाहुलीला आत पाठवायची, मग मुलालाच 'पुतळा' करायला लावायची. पाच-सहा वर्षांच्या पुढची बरीच मुलं मग भुलीशिवाय निभावून न्यायची. एका वर्षी बजेट आवळायचं ठरलं तेव्हा प्ले थेरपी ही कापायच्या यादीत सगळ्यात वर, कारण नावातच खेळ आहे ना! मी म्हटलं थांबा, भूल देऊन केलेले एमआरआय किती, ही मुलगी यायच्या आधी किती आणि नंतर किती, एवढंच काढा. दोन्ही आकडे हॉस्पिटलच्याच रजिस्टरमधे होते, फक्त वेगवेगळ्या खात्यांत, कोणी शेजारी शेजारी ठेवले नव्हते. ठेवल्यावर चर्चा दहा मिनिटांत संपली. हे मला सुचलं ते मी फायनान्सवाली म्हणून नाही, तर तो पुतळ्याचा खेळ मी शनिवारी तिच्याबरोबर खेळले होते म्हणून.

पैशाच्या बाजूने अजून एक सांगते आणि मग पुढच्या पत्राकडे जाते. बँकेतली शिल्लक बघून हुरळू नका. मुलांच्या हॉस्पिटलला देणग्या येतात पण त्यातल्या बऱ्याच बांधलेल्या असतात, ही कॅन्सर वॉर्डसाठी, ही नवजात बाळांच्या आयसीयूसाठी, ही अमुक मशीनसाठीच, आणि त्यातून पगार नाही देता येत. तेव्हा बांधलेला पैसा बाजूला काढून विचारा, उद्यापासून काहीच आलं नाही तर हॉस्पिटल किती दिवस चालेल? हा आकडा दर मिटिंगला पहिल्या पानावर हवा. देणगीत मशीन मिळालं की सगळे फोटो काढतात, त्याचा मेंटेनन्स, चालवणारा माणूस आणि आठ-दहा वर्षांनी ते बदलायचा खर्च, हे विचारणारा वाईट ठरतो. तो वाईट माणूस तुम्ही व्हा, त्यासाठीच बोलावतायत तुम्हाला.

शनिवार सोडू नका, पण हॉस्पिटलला आधी विचारा कारण काही ठिकाणी दोन्ही एकत्र चालत नाही. चालत असेल तर वॉर्डात गेल्यावर तुम्ही फक्त व्हॉलंटियर, साहेब सिस्टर. त्यांना सूचना द्यायच्या नाहीत, मुलाच्या फाईलला हात लावायचा नाही, आणि कोणी पगाराचं गाऱ्हाणं घेऊन आलं तर ऐकून घ्या, पण ते खिशात घालून थेट मिटिंगमधे काढू नका, त्यांचा योग्य मार्ग कुठला ते दाखवा. हे शेवटचं जमायला मला वर्ष लागलं.

प्रश्न : माझा मित्र एका हॉस्पिटलच्या बोर्डावर आहे आणि त्याचीच फर्म हॉस्पिटलच्या ठेवी गुंतवते. तो म्हणतो फी बाजारापेक्षा कमी घेतो, म्हणजे मी सेवाच करतोय. मला कुठेतरी खटकतंय, मी उगाच संशय घेतोय का?

उत्तर : उगाच नाही. फी कमी आहे हे कोणी ठरवलं? त्यानेच ना.

असे संबंध असू शकतात, जगभर असतात, फायनान्सवाल्यांचे तर जास्तच, कारण बोर्डाला बँकवाला, इन्शुरन्सवाला, गुंतवणूकवाला हवा असतो आणि त्या माणसाचा धंदाही तोच असतो. पण मग त्याने दरवर्षी लेखी सांगितलं पाहिजे, दुसऱ्या दोन-तीन ठिकाणचे दर मागवले पाहिजेत, आणि विषय निघाला की त्याने खोलीबाहेर जायला हवं. मत न देता खुर्चीत बसून राहणं पुरत नाही कारण त्याच्या तोंडाकडे बघून इतरांची जीभ जड होते. तो बाहेर गेला हे मिनिट्समधे वेळेसकट लिहा. फुकट करून देतो म्हणाला तरी हेच सगळं करायचं, फुकटच्या कामाला जाब कोण विचारणार? आणि एक बारीकसं, हे कोणी लिहून देत नाही पण असतंच, बोर्डावर आहोत म्हणून भाच्याची अपॉइंटमेंट पुढे सरकवून घेणं, ओळखीच्याचं मूल चांगल्या खोलीत टाकणं. त्या रांगेत कोणाचं तरी मूल मागे गेलेलं असतं. मला एकदा सख्ख्या नात्यातून फोन आला होता, मी नाही म्हटलं, दीड वर्ष बोलत नव्हते माझ्याशी.

प्रश्न : मी टॅक्सेशनमधे आहे, एकटा राहतो, मूलबाळ नाही. ऑफिसने व्हॉलंटियरिंगला नाव नोंदवायला लावलं आणि मला मुलांचा वॉर्ड मिळाला. मला लहान मुलांशी बोलताच येत नाही. शिवाय आईवडील शेजारी असतातच की, मग माझा उपयोग काय?

उत्तर : आईवडील शेजारी असतात ही आत्ता आत्ताची गोष्ट आहे. आधी बऱ्याच हॉस्पिटलांत त्यांना आठवड्यातून ठरलेल्या वेळीच येऊ द्यायचे, समजूत अशी की आई दिसली की मूल रडतं, न दिसलेलं बरं. लंडनमधे जेम्स रॉबर्टसन या मुलांवर अभ्यास करणाऱ्या माणसाने १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या मुक्कामाची फिल्म दाखवली, ते मूल शांत होत नाही तर आतून मिटत जातं हे त्यात दिसलं, डॉक्टर मंडळी आधी चिडली. १९५९ मधे प्लॅट कमिटी या तिथल्या सरकारी समितीचा अहवाल आला, त्यात आईवडिलांना केव्हाही येऊ द्या, छोट्या मुलांच्या आयांना राहू द्या, खेळायची सोय करा असं सांगितलं, आणि तेही हळूहळूच पचनी पडलं लोकांच्या.

आता आई चोवीस तास शेजारी असते आणि तुमचा उपयोग तिथेच आहे. ती सकाळपासून आंघोळीला गेलेली नसते. तिला कोणाशी तरी फोनवर मुलासमोर बोलता येत नाही असं बोलायचं असतं. तुम्ही वीस मिनिटं तिथे बसलात तर तेवढं होतं, हे काम मुलाशी खेळण्याएवढंच मोठं आहे, उगाच कमी समजू नका.

बोलता येत नसेल तर बोलू नका हो. काय झालंय तुला, हे तर कधीच विचारू नका, दिवसातून दहा जण तेच विचारत असतात. खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, काहीतरी हातात घ्या आणि चुकीचं करा. कोडं चुकीचं लावा, रंग चुकीचा भरा. मूल दुरुस्त करायला येतंच. माझा एक गडी होता नऊ वर्षांचा, उजव्या हाताला सलाईन म्हणून फळी बांधलेली, डाव्या हाताने पत्ते वाटायचा, आणि व्यापाराच्या खेळात बँक नेहमी त्याच्याकडे. नियम असा की बँक त्याला स्वतःला बिनव्याजी कर्ज देणार आणि मला द्यायचं की नाही ते बघून ठरवणार! मी तारण काय ठेवू विचारलं तर म्हणाला तुमचं आयकार्ड. नर्स येऊन सुई बघून गेली, त्याने तेवढ्यापुरते ओठ घट्ट मिटले, परत म्हणाला चला, तुमची पाळी. व्हॉलंटियर म्हणून तुम्ही सुईच्या वेळी काही समजवायला जाऊ नका, फक्त खेळ जागचा हलवू नका, ते परत येतं तेव्हा पत्ते तसेच असले पाहिजेत.

बाकी ट्रेनिंगमधे सांगतीलच पण तरी : आत जाताना हात धुवा, बाहेर येताना हात, प्रत्येक खाटेला परत हात. सर्दी वाटली तर त्या दिवशी घरी बसा, तुमची साधी सर्दी केमो चालू असलेल्या मुलाला महागात पडते. फोटो नाही, कोणाचाच. सिस्टरना विचारल्याशिवाय खाऊ नाही, खेळणं नाही, कापसाची मऊ खेळणी एकाकडून दुसऱ्याकडे नेऊ नका, धुता येतील अशीच वापरा. दार उघडं ठेवायचं किंवा कोणाच्या तरी नजरेत बसायचं, तुमची चौकशी आणि पोलिसांचं प्रमाणपत्र मागतील त्यावर रुसू नका, मुलांच्या जागी ते हवंच. आणि "पुढच्या शनिवारी येतो" हे येणार असाल तरच म्हणा.

प्रश्न : मला ना वेळ आहे ना मिटिंगचा सोस. नुसते पैसे दिले तर चालतं का, की ती पळवाट?

उत्तर : पळवाट कसली! लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलची गोष्ट आहे, १८५२ मधे दहा खाटांवर सुरू झालेलं ते. १९२९ मधे त्यांना शेजारची जमीन घ्यायची होती म्हणून त्यांनी जे. एम. बॅरी या लेखकाला कमिटीवर बसायला बोलावलं. ते म्हणाले कमिटी नको, दुसरं काहीतरी बघतो. दोन महिन्यांनी त्यांनी आपल्या 'पीटर पॅन' या मुलांच्या गाजलेल्या गोष्टीचे सगळे हक्क हॉस्पिटलच्या नावावर करून दिले. त्यातून किती पैसे येतात ते जाहीर करू नका अशी त्यांची इच्छा, आणि ती हॉस्पिटलने पाळली. कॉपीराइटची मुदत १९८७ मधे संपली तर ब्रिटनच्या संसदेने १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून त्या देशातली रॉयल्टी हॉस्पिटलला कायमची देऊन टाकली. फायनान्सवाल्याच्या नजरेने बघा, एकरकमी देणगी नाही, दरवर्षी येणारं उत्पन्न दिलं आणि मिटिंगला एकदाही बसले नाहीत.

तुम्ही आम्ही काही पीटर पॅन लिहिलेला नाही, पण दरमहा थोडं, आणि 'जिथे गरज असेल तिथे वापरा' असं लिहून, एवढं करता येतं. ते एक वाक्य फॉर्मवर लिहाच. मी बोर्डावर होते तेव्हा असे न बांधलेले पैसे बघितले की जीवात जीव यायचा, रात्रपाळीच्या नर्सचा पगार त्यातूनच निघायचा.

प्रश्न : बोर्डावर किती वर्षं राहावं?

उत्तर : तीन वर्षांची टर्म असेल तर दोन, फार तर तीन. नंतर आपल्यालाच आपले जुने ठराव आवडायला लागतात. मी सहा वर्षांनी उठले, जाताना माझ्या जागी कोण हे मी सुचवलं नाही, ते बरं केलं असं आता वाटतं, आलेल्या बाईंनी पहिल्याच मिटिंगमधे माझा राखीव निधीचा फॉर्म्युला खोडून काढला आणि बरोबर खोडला. वॉर्डात अजून जाते. तिथे टर्म नसते, दरवर्षी फ्लूची लस आणि आयकार्ड नवीन करून घ्यावं लागतं एवढंच, माझं या महिनाअखेर संपतंय, यावरून आठवलं, फोटो काढायचा राहिलाय.